मामाआजोबांचा काळा सायब

खेड, मावळ, आंबेगाव या बाजूच्या माणसाला मुंबई कधी परकी नव्हतीच. डबेवाले बहुतेक आमच्याच गावांमधले. कुणाचा चुलता चर्चगेटला, कुणाचा मेव्हणा दादरला, आणि पोराला मिसरूड फुटायच्या आत त्यांच्यामागून गाडीत बसवलेलं. माझ्या वडिलांचे मामा असेच गेले. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. जन्मसाल विचारलं की ‘मानमोडीच्या दुसऱ्या वर्षी’ एवढंच सांगायचे. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आमच्याकडं याच नावानं लक्षात राहिलीय, तेव्हा १९१९ धरायला हरकत नाही. गाव चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अलीकडं. आता तिथं कंपन्यांचे पत्रे आणि कंटेनरच्या रांगा आहेत. त्यांच्या बोलण्यात मात्र गावचा कांदा, भैरवनाथाची जत्रा आणि बैलगाड्यांचा घाट एवढंच असायचं.

चुलत्यानं त्यांना डब्याच्या कामाला घेतलं नाही. डोक्यावर डब्यांचा खोका घेऊन गर्दीतून पळायला अंगात रग लागते आणि हे काडीपैलवान. मग चुलत्यानंच कुणाकुणाच्या हातापाया पडून त्यांना अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात चिकटवलं. पुढच्या दारानं नाही अर्थात. आधी भांडी, मग बढती होऊन चांदीचे काटे-चमचे पुसायचं काम. चमचा पुसला की तोंडासमोर धरून त्यात स्वतःचं उलटं थोबाड बघायचं, नीट दिसलं तर पास. ही सवय त्यांना मरेपर्यंत होती. आमच्या घरचे स्टीलचे चमचेही ते तसेच धरून बघायचे आणि आजी वैतागायची.

ही पुसण्याची जागा आणि जेवणाचं मोठं दालन यांच्या मधे एक ढकलदार होतं. बेरर ट्रे घेऊन आत-बाहेर करायचे, आणि दार उघडलं की तेवढ्यापुरता बँडचा आवाज आत यायचा. मिटलं की बंद. मामाआजोबांनी सगळं संगीत असं तुकड्यातुकड्यांत ऐकलं. तीच कथा ते आम्हाला पिंपरीच्या क्वार्टरमध्ये, उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाज टाकून, दर वेळी थोडी वेगळी करून सांगायचे. गोष्टीतला नायक ठरलेला. काळा सायब. धिप्पाड गडी, अंगात पांढरा कोट, आणि समोर ‘आपल्या कपाटाएवढी पेटी’.

“त्याचा डावा हात मापात आन् उजवा मोकाट,” असं म्हणून ते बाजेच्या ठाव्यावर बोटं आपटून दाखवायचे. डाव्या हातानं धडक्-चक्, धडक्-चक्, अगदी न चुकता. आणि उजवा कुठं जाईल त्याचा पत्ता नाही. मग हसून म्हणायचे, “आपल्या तमाशातला ढोलकीवाला बघ. बाई शब्द टाकती, ह्यो तिला बोटांनी उत्तार देतो. तसंच. पितळी भोंगावाला बोलायचा, काळा सायब त्याला पेटीतनं उत्तार द्यायचा.” तमाशातल्या विठाबाईंचं नारायणगाव आमच्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळं ही उपमा त्यांना सोयीची. मला ती अजूनही जॅझवरच्या पुष्कळ जाड पुस्तकांपेक्षा बरी वाटते.

हा काळा सायब कोण, हा आमच्या घरातला जुना वाद. आत्याचं म्हणणं, मामा ताजमध्ये नव्हताच, शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात होता आणि त्यानं ऐकला तो गोव्याचा कुणी बँडवाला. वडिलांचं म्हणणं, मामा ढील देतो. मोठी झाल्यावर मी हा गुंता जमेल तसा सोडवायला घेतला. खुणा तीनच होत्या : पेटी, म्हणजे पियानो, साल लढाईच्या आधीचं, आणि ‘तो पुढं कलकत्त्यात पटकीनं गेला’. तिन्ही खुणा एकाच माणसाशी जाऊन थांबतात. टेडी वेदरफर्ड.

टेडीचा जन्म ऑक्टोबर १९०३ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या पोकाहॉन्टस नावाच्या गावचा. गंमत अशी की ताज उघडलं तेही १९०३ च्या डिसेंबरात. म्हणजे हॉटेल आणि पेटीवाला एकाच वयाचे. पोरवयात तो न्यू ऑर्लिन्सला पियानो शिकला आणि तिथून शिकागोला गेला. शिकागोत तेव्हा मूकपट चालायचे आणि पडद्यासमोर अख्खा वाद्यवृंद बसायचा. व्हेन्डोम थिएटरात अर्स्किन टेटचा असा वृंद होता. त्यात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर आपला टेडी. १९२६ साली या वृंदाच्या दोन चाली रेकॉर्ड झाल्या. आज त्या मोबाइलवर मिळतात. खरखरीतून कान देऊन ऐकलं तर पियानो असा काही उसळी मारतो की आर्मस्ट्राँगसारख्याच्या शेजारी बसूनही हा गडी दबला नाही हे कळतं. अर्ल हाइन्स हे नाव पुढं जॅझच्या पियानोत फार मोठं झालं. पण तो शिकागोत आला तेव्हा तिथं टेडीचा दबदबा होता.

आणि बरोब्बर याच वेळी, १९२६ मध्ये, जॅक कार्टरच्या बँडबरोबर टेडीनं आशियाची बोट पकडली. शिकागोत राहता तर हाइन्सच्या ओळीत बसला असता. तो शांघायला गेला, सिंगापूर-मनिला फिरला, स्वतःचे बँड उभे केले. मधे अमेरिकेला जाऊन १९३४ साली बक क्लेटनचा अख्खा बँड शांघायच्या कॅनिड्रोममध्ये घेऊन आला. कुत्र्यांच्या शर्यतींचं मैदान आणि त्याला लागून नाचघर, असं ते प्रकरण होतं. परत मायदेशी कायमचं जाण्याचं नाव नाही. का जावं? तिकडं काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात वाजवायला बोलवायचे, पण त्याच हॉटेलात खोली द्यायचे नाहीत. इकडं त्याच्या नावावर टेबलं भरत होती.

ताजमध्ये पहिला आफ्रिकी-अमेरिकन बँड आणला तो लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवाल्यानं, १९३५ च्या हिवाळ्यात. त्याच्यामागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि १९३६ च्या सुमारास टेडी. (क्रिकेट हे नाव ऐकून मामाआजोबांना वाटायचं, तो जिमखान्यावर बॅटिंगही करतो.) मधे एकदा टेडी युरोपला गेला, १९३७ मध्ये पॅरिसला त्याच्या एकट्याच्या पियानोच्या रेकॉर्डी झाल्या, आणि पुन्हा तो इकडंच आला. हिशेब लावला तर मामाआजोबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे, चमचे पुसणारे. वाद मिटला, असं मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “तुला काय, कागदावर सगळंच जुळतं.”

मामाआजोबांना एका गोष्टीचं फार अप्रूप होतं. गोरे सायब-मडमा नाचायला उभे राहायचे ते या काळ्या माणसानं बोट ठेवल्यावर. त्यानं लय ओढली की यांचे पाय धावायचे, ढिली सोडली की सगळे ढिले. “आख्ख्या सरकारला खेळवायचा,” म्हणायचे. त्या पोरवयात, सायबानं हाक मारली की पोटात गोळा येणाऱ्या वयात, हे दारातून पाहिलेलं दृश्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं असणार. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या सभा त्यांनी पाहिल्या असतील-नसतील, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलले ते या पेटीवाल्याबद्दल.

डाव्या हाताचं ते धडक्-चक् म्हणजे जॅझवाले ज्याला स्ट्राइड म्हणतात ते. डावा हात खर्जात एक स्वर ठोकतो, लगेच उडी मारून मधल्या सप्तकात दोन-तीन स्वर एकदम दाबतो, पुन्हा खाली. ढोल आणि साथ दोन्हीचं काम हा एकटा हात करतो, तेव्हा उजव्याला रान मोकळं मिळतं. माझ्या भाच्यानं कीबोर्डवर करून पाहिलं. पाच मिनिटांत मनगट धरून बसला. चाकणच्या कारखान्यात दिवसभर पाने फिरवणारा पोरगा तो, हात काही नाजूक नाहीत त्याचे.

ताजच्या मुदपाकखान्यात गोव्याची माणसं पुष्कळ. बार्देसचा एक कुझनेर, म्हणजे आचारी, मामाआजोबांचा दोस्त झाला. त्यानं यांना कस्टर्ड शिकवलं, यांनी त्याला मासवडी. धोबीतलावला गोवेकरांच्या कुडी होत्या. गावोगावच्या लोकांनी मुंबईत उतरायला काढलेल्या खोल्या. बोटीवर जाणारा खलाशी, आचारी, वाजवणारा, सगळे तिथं पथाऱ्या टाकायचे. तिथं रविवारी हे जायचे आणि बँडमधल्या बातम्या घेऊन यायचे.

गोव्याच्या वाजवणाऱ्यांचं एक होतं. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, हातात व्हायोलिन देत. त्यामुळं कागद समोर ठेवला की हे लोक काहीही वाजवायचे. कागद काढून घेतला की मात्र पंचाईत. टेडी, क्रिकेट स्मिथ या मंडळींच्या हाताखाली बसून त्यांना कागदाबाहेरचं वाजवायची चटक लागली. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड हा त्यांतलाच एक. पुढं हाच फ्रँक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रमला, आणि ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे दोन कोकणी चित्रपटही त्यानंच काढले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट हातात घेऊन चिक चॉकलेट झाला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९३९ पासून ताजमध्ये मिकी कुरैयानं बसवलेला बँड वीसेक वर्षं हलला नाही. लुसिला पाशेको ही बाई अशाच बँडांतून पुढं चित्रपटांच्या पियानोवर बसली आणि पुरुषांनी भरलेल्या त्या खोलीत वर्षानुवर्षं टिकली. तिच्यावर कुणी मराठीत नीट लिहायला हवं.

टेडी मात्र लढाईच्या काळात कोलंबोमार्गे कलकत्त्याला गेला, चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात. शहर गोऱ्या आणि काळ्या अमेरिकन सैनिकांनी भरलेलं. डमडमच्या कारखान्यात कोलंबिया कंपनीसाठी त्यानं रेकॉर्डी केल्या, रेडिओवरून सैनिकांसाठी वाजवलं. हॉटेलाच्या आत हे, आणि बाहेर फुटपाथवर १९४३ च्या दुष्काळात बंगालची खेडी येऊन मरत होती. एप्रिल १९४५ मध्ये टेडीला कॉलरा झाला आणि २५ तारखेला तो गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. युरोपातली लढाई संपायला दोन आठवडेही उरले नव्हते.

मामाआजोबांना ही बातमी कुडीतून कळली. त्यांच्या गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचे, त्यांच्या दोन बहिणी तिनं लहानपणीच नेल्या होत्या. पटकी ही आपल्यासारख्यांना होते असंच त्यांनी धरलेलं. “बर्फातलं पानी पिणारा मानूस, त्यालाबी सोडलं न्हाई तिनं,” एवढं बोलून ते उठायचे आणि चिलीम शोधायला जायचे.

पुढं मुंबईत दारूबंदी आली. एकदा ऑगस्ट १९३९ मध्ये येऊन गेली होती, १९५० मध्ये पक्की बसली. गोरे गिऱ्हाईक बोटीनं परत गेलेले, उरलेल्यांना परमिटाशिवाय घोट नाही, मग रात्रभर नाचणार कोण? हॉटेलांचे बँड रोडावले. वाजवणाऱ्यांना दादर-परळच्या स्टुडिओंनी हात दिला. संगीतकार चाल गुणगुणायचा, गोवेकर ती कागदावर उतरवून व्हायोलिन, ट्रम्पेट, पियानोला वाटून द्यायचे. मामाआजोबांना असला हात देणारं कुणी नव्हतं. ते गावी आले, वर्षभर कांदे काढले, आणि पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघतोय असं कळल्यावर तिकडं गेले.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आम्ही सगळे नुसतं ‘एचए’ म्हणतो. १९५४ साली कंपनी झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागलं. बाकी तेव्हाचं पिंपरी म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प, थोडी शेतं आणि रेल्वेचं स्टेशन. टेल्को, बजाज हे सगळं नंतरचं. मामाआजोबा कँटीनला लागले. शेवटपर्यंत त्यांची खात्री होती की हे औषध दहा वर्षं आधी निघतं तर काळा सायब वाचला असता. मी एकदा दीडशहाणपणानं सांगितलं की पेनिसिलिनचा पटकीवर उपयोग नाही, त्याला मीठ-साखरेचं पाणी लागतं. ते खरंच होतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत, कलकत्त्यापासून थोड्याच अंतरावर, डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमच्या ड्रम असं पाणी कालवून पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू शंभरात तीसवरून चारच्या आत आणले. मामाआजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे कँटीनमधी होतं की आवशीद.”

दिवाळीला ते कस्टर्ड करायचे. चिवडा-चकल्यांच्या मधे ते पिवळं थरथरतं प्रकरण म्हणजे आमच्या चाळीत कौतुकाचा विषय. पितळी डब्याच्या तळाला साखर जाळायची, तांबूस झाली की डबा फिरवून सगळीकडं लावायची. एक क्षण चुकला की कडू. वर अंडी-दूध, झाकण, झाकणावर शेगडीतले निखारे. आजी त्या डब्याला हात लावायची नाही, अंड्याचा म्हणून. खायची मात्र, डोळे मिटून.

एकदा पिंपरीच्या टॉकीजमध्ये ‘अलबेला’ परत लागला. १९५१ चा चित्रपट. नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा, संगीत सी. रामचंद्रांचं. पुणतांब्यात जन्मलेला, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडं गाणं शिकलेला हा नगर जिल्ह्याचा माणूस आणि गोव्याचा चिक चॉकलेट, ही जोडी जमली आणि त्यातून जे निघालं त्यावर अजून लोक नाचतात. ‘शोला जो भडके’ला पडद्यावर चिकचाच बँड उभा आहे, झालरीचे सदरे घालून. तो दिसल्याबरोबर मामाआजोबा अंधारात उभे राहिले. “आरं, ह्यो तर ग्रीनमधला चिक!” मागून शिट्ट्या, ‘ओ आजोबा, बसा’. ते काही बसेनात. वडिलांनी धोतर धरून खाली ओढलं. आत्याला मात्र हा पुरावा सोन्यासारखा मिळाला. ग्रीन्समध्ये चिकचा बँड होता हे तर खरंच, १९४५ मध्ये तो तिथं वाजवत होता. बघा, मी म्हणत नव्हते! माझं मत असं की दोन्ही हॉटेलं भिंतीला भिंत लागून, मालकही एकच. चमचे पुसणारा पोरगा आज इथं, उद्या तिथं.

काकाचं लग्न झालं ते आणीबाणी उठली त्या वर्षी, चिंचवडगावात. मोरया गोसावींच्या देवळापासून वरात निघायची होती आणि पुण्याहून बँड आणलेला. लाल कोट, सोनेरी झब्बे, पुढं क्लॅरिनेटवाला एक कोवळा पोरगा. ‘शोला जो भडके’ चालू झालं. मामाआजोबा रुमाल बांधून पुढं गेले आणि त्या पोराच्या कानाशी लागून काही बोलले. नंतर कळलं ते असं : “कागदातलं वाजवून झालं ना? आता सोडून वाजव. ताशावाला मापात ऱ्हाईल, तू जा कुठं जायचं ते.” बँडमास्तर डोळे वटारतोय तोवर पोरगं सुटलंच. गाणं कुठल्या कुठं गेलं, फिरून आलं, पुन्हा गेलं. ताशेवाल्यानंही डोकं हलवलं आणि डावा हात पक्का धरून ठेवला. मामाआजोबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्याला हातानं ‘अजून, अजून’ करत होते, पोरं नाचत होती, घोडा बुजून उलट्या तोंडाला फिरला होता आणि काका वरून ओरडत होता. दोनशे पावलांच्या वाटेला पाऊण तास लागला. मुहूर्त टळला. भटजींनी पंचांगात बोट फिरवून दुसरा काढून दिला खरा, पण आजीनं भावाशी दिवाळीपर्यंत अबोला धरला, आणि पाडव्याला पहिलं वाक्य बोलली ते हे : “कस्टर्डाचा डबा कुठं ठेवलायस?”